घरच्या लग्नातले रुसवेफुगवे कसे सांभाळायचे: नाशिककरांसाठी जरा सविस्तर

लग्न ठरलं की सगळे हॉल, केटरर, फोटोग्राफरच्या मागे लागतात आणि माणसांचं बघायचं राहूनच जातं. मग हळदीच्या दिवशी आत्या खोलीचं दार लावून बसते, मामा जेवायला येत नाही, नवरीची आई मेंदी सुकायच्या आत रडायला लागते. आमच्या घरातली आणि जवळच्या नातेवाइकांतली बरीच लग्नं मी धावपळ करत आतून बघितलीत, आणि माझं ठाम मत झालंय की भांडण कुठे होणार ते आधीच कळतं. जागा ठरलेल्याच आहेत: तारीख, यादी, बस्ता, पत्रिका, हळद, स्टेजवरचा सत्कार. माणूस वरवर साडीवरून किंवा फेट्यावरून रुसलेला दिसतो पण आतून त्याला लागलेलं असतं ते एवढंच की मला कुणी विचारलं नाही, मला तिसऱ्याकडून कळलं. म्हणून सगळी तयारी या एका गोष्टीभोवती करायची, कुणाला काय सांगायचं, कुणी सांगायचं आणि कधी सांगायचं.

तारीख फायनल करायच्या आधी

आपल्याकडे तारखेवरून होणारी कुरबूर जरा वेगळी असते कारण शहरातल्या घराचेही निम्मे पाहुणे शेतकरी असतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचे सोयरे असतील तर जानेवारी ते मार्च द्राक्षाचे खुडे चालू असतात, व्यापारी ज्या दिवशी गाडी लावेल त्या दिवशी माल तोडावाच लागतो, वर्षभराचा पैसा त्या आठ-पंधरा दिवसांत अडकलेला असतो, मग मामा कितीही जवळचा असला तरी दोन दिवस बाग सोडून येणं त्याला जड जातं. सटाणा, कळवण, देवळ्याकडे मार्च-एप्रिलात उन्हाळ कांद्याची काढणी असते. शहरातल्या माणसाला हे लक्षात येत नाही, तो म्हणतो एक दिवस नाही का येता येत सख्ख्या भाचीसाठी, आणि इथूनच पहिला कडवटपणा सुरू होतो.

तर हॉलला टोकन द्यायच्या आधी दोन्हीकडच्या मामा, आत्या, मोठे काका यांना फोन करा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर विचारलं की चाळीस मतं येतात आणि ज्याचं ऐकलं नाही तो नाराज. फोनवर दोनच तारखा सांगा, "मामा, या दोन तारखा निघाल्यात, तुम्हाला कुठली जमेल?" एवढं विचारलं की पुढे त्याला न जमणारी तारीख ठरली तरी तो दुखावत नाही, त्याची अडचण आपण ऐकून घेतलेली असते.

दाट तिथी असेल तर अजून एक काम करायचं. त्या दिवशी गंगापूर रोड, औरंगाबाद रोडची सगळी लॉन्स भरलेली असतात, द्वारका आणि मुंबई नाक्याला गाडी हलत नाही, वऱ्हाड तासभर उशिरा पोचतं आणि इकडे नवरीकडचे म्हणतात मुद्दाम ताटकळत ठेवलं. वऱ्हाडाच्या गाडीतल्या एका समजूतदार माणसाने नवरीच्या भावाला लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवायचं, बास. उशीर होणारच असेल तर निदान का होतोय ते समोर दिसतं.

आणि सिंहस्थ. गुरू सिंह राशीत असताना लग्न करू नये असं मानणारी घरं आपल्याकडे अजून बरीच आहेत, गोदाकाठी तर जास्तच. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, त्यामुळे हा वाद येती दोन वर्षं घरोघरी निघणार. आजी-आजोबांना "हे सगळं जुनं झालं" असं म्हणून गप्प करू नका, त्यांच्याच नेहमीच्या भटजींकडे त्यांनाच घेऊन जा आणि काय तोडगा निघतो ते त्यांच्या समोर विचारा. तोडगा निघालाच नाही तर तारीख अलीकडे-पलीकडे घ्यायची की तीच ठेवायची हे नवरा-नवरीने आईवडिलांसोबत बसून ठरवायचं, पण आजीला विचारल्यानंतर ठरवायचं. शिवाय स्नानाच्या दिवसांत शहरात पाहुण्यांना खोल्या आणि गाड्या मिळणं अवघड आहे, हे कारण श्रद्धा असो नसो सगळ्यांना पटतं.

यादी कागदावरच करा

सुपारी फुटते तेव्हा सगळे हसतखेळत असतात, "आपलंच आहे हो, बघू नंतर" असं दोन्हीकडून म्हणतात, आणि हे "बघू नंतर" पुढे फार महागात पडतं. यादी करायची आपली जुनी पद्धत चांगली आहे, ती सोडू नका. हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, हळद एकत्र की आपापल्या घरी, डीजे आणि घोडा कुणाकडे, फोटोवाला एक की दोन, फेटे किती आणि कुणाला, भटजींची दक्षिणा, जानोशाची सोय आणि सकाळचा चहा-नाष्टा, सगळं लिहा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवणाची पानं किती धरलीत आणि त्यापेक्षा जास्त झाली तर वरच्या पानांचे पैसे कोण देणार. मी बघितलेली मोठी भांडणं या वरच्या पानांवरून झालेली आहेत, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी केटरर हिशोब घेऊन येतो आणि नवे कोरे व्याही एकमेकांकडे बघायला लागतात. लिहून झालं की दोन प्रती करा आणि दोन्ही घरात एकेक ठेवा. यात अविश्वास वगैरे काही नाही, सहा महिन्यांनी कुणाला काय आठवतं!

याच बैठकीत मानपान पण बोलून घ्या. कुणाला साडी, कुणाला शर्टपीस, कुणाला टॉवेल-टोपी, किती जणांना. मानाच्या साड्या किती ते आकड्यात ठरलं पाहिजे कारण "आमच्यात एवढंच असतं" आणि "आमच्यात सगळ्या जावांना असतं" या दोन वाक्यांत पंधरा साड्यांचा फरक निघू शकतो.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. मानपान बोलता बोलता कुणी गाडी, फ्लॅटचं डाऊन पेमेंट, "मुलाच्या शिक्षणाला खर्च झालाय" किंवा "तुमच्या मुलीलाच होईल ते" अशा भाषेवर आलं तर तो मानपान राहिला नाही, तो हुंडा झाला. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात घेणारा आणि देणारा दोघंही गुन्हेगार धरलेत, कमीत कमी पाच वर्षं शिक्षा आहे, नुसती मागणी केली तरी वेगळा गुन्हा आहे. इथे समजूत घालत बसायचं नाही, "आम्ही विचार करून कळवतो" म्हणायचं आणि उठायचं. लग्न मोडेल, लोक काय म्हणतील या भीतीपोटी जे आई-वडील इथे मान खाली घालतात त्यांच्या मुलीला पुढे काय सोसावं लागतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आणि न मागता प्रेमाने जे दागिने, भांडी, वस्तू देणार असाल त्याची १९८५ च्या नियमांप्रमाणे लेखी यादी करून सह्या घ्यायच्या असतात, ती करा. रुखवत मांडतानाच मुलीच्या बहिणीने वहीत लिहून काढलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

बस्ता

इथे थोडक्यात सांगते. दुकानात दोन्हीकडून दोन-दोन माणसं, जास्त नाही. आठ बायका गेल्या की आठ पसंती होतात आणि नवरीची पसंती शेवटी विचारतात. एका नात्याला एकच रेंज ठेवा, म्हणजे सगळ्या काकू एका भावात, सगळ्या मावश्या एका भावात. साडीवरचं लेबल काढलं तरी बायकांना हात लावून किंमत कळते, त्यामुळे एकीला गुपचूप भारी घेऊ असं करू नका. येवल्याला पैठणी घ्यायला जाणार असाल तर हातमागाची आणि यंत्रमागाची यात किमतीचा केवढा फरक असतो ते निघायच्या आधी दोन्ही घरांना माहीत पाहिजे, नाहीतर विणकराकडे बसल्यावर किंमत ऐकून सासूबाईंचा चेहरा पडतो आणि नवरीला हातातली साडी खाली ठेवावी लागते. ते फार वाईट दिसतं. बजेट आधी सांगा आणि त्या बजेटात नवरीला मनासारखं निवडू द्या.

पत्रिका छापायच्या आधी

यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण पत्रिका हा एकच कागद असा आहे की जो गावात भावकीच्या प्रत्येक घरात जातो आणि प्रत्येकजण त्यात आधी स्वतःचं नाव शोधतो. निमंत्रकात कोण, व्यवस्थापकात कोण, स्वागतोत्सुक कोण, कुणाचं नाव कुणाच्या वर, वारलेल्या आजोबांच्या नावाआधी कै. लागलंय का, वेगळ्या राहणाऱ्या चुलत्याचं नाव आहे का, शेताच्या बांधावरून बोलणं बंद असलेल्या काकाचं आहे का. या शेवटच्याचं तर नक्की घाला. कोर्टात काय चालायचं ते चालू दे, पत्रिकेतून नाव गाळलं की ते भांडण पुढच्या पिढीत जातं.

कसं करायचं ते सांगते. कच्चा मसुदा साध्या कागदावर प्रिंट काढा आणि भावकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाकडे स्वतः घेऊन जा, मुलीच्या किंवा मुलाच्या वडिलांनीच जायचं, पोराच्या हातून पाठवायचं नाही, व्हॉट्सअॅपवर फोटो तर अजिबात नाही. "तात्या, मसुदा आणलाय, तुम्ही एकदा नजर टाका, कुणाचं राहिलं असेल तर आत्ताच सांगा." तात्या चष्मा लावतात, बोट ठेवून एकेक नाव वाचतात, मध्येच थांबून म्हणतात हा नानाचा थोरला, हा वर पाहिजे, आणि याच्या बायकोचं नाव चुकलंय, पेन दे. तो पेन द्या. चहा होईपर्यंत बसा. पुढे कुणी पत्रिकेवरून आवाज चढवला तर उत्तर द्यायला तात्या स्वतः उभे राहतात, पत्रिका मी बघितलीये म्हणून. दोन-चार नावं वाढतील, कागद जरा गच्च दिसेल, दिसू दे.

पुढाऱ्यांची नावं किती घालायची हा नाशिक जिल्ह्यातला खास विषय आहे. आजी-माजी सगळ्यांची नावं घालायची म्हटलं तर प्रोटोकॉलवरून घरातच दोन गट पडतात. एकतर सगळ्या पक्षांचे घाला नाहीतर कुणाचंच नको, मी दुसरं सुचवेन. लहान मुलांचं किलबिल निमंत्रण छापणार असाल तर घरातलं एकही पोर सोडू नका, तान्हं असलं तरी. पोराला काही कळत नाही पण त्याच्या आईला कळतं.

पत्रिका वाटताना मानाच्या घरी जोडीने जाऊन अक्षता आणि पत्रिका हातात द्या. लांबच्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी आधी फोन, मग पत्रिका, असा क्रम ठेवा.

हळद

विधवा आई, काकू, आजी. हळद लावायची वेळ आली की या बायका आपोआप मागे सरकतात, कुणी काही म्हणत नाही आणि कुणी हात धरून पुढेही आणत नाही. मला हे बघवत नाही. ज्या आईने एकटीने पोरगी वाढवली तिने भिंतीला टेकून बघत राहायचं! हे आधी ठरवा आणि जाहीर करा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं, त्यामुळे "आपल्यात चालत नाही" म्हणणाऱ्यांना सांगायला दाखला आहे. पण दाखल्यापेक्षा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सवाष्णीने "ये गं, पहिलं बोट तू लाव" म्हटलं की वाद उरतच नाही, म्हणून आदल्या आठवड्यात त्या आजींशी बोलून ठेवा. कन्यादानाचंही तसंच. आई एकटी असेल तर काका-काकू करतील असं परस्पर ठरवू नका, तिला विचारा. हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे, कन्यादानाचा नाही, तेव्हा एकट्या आईने केलं किंवा केलंच नाही म्हणून लग्नात काही कमी राहत नाही. भटजींना पण आधी सांगा, ऐन मांडवात त्यांनी "यजमान कुठेत" विचारायला नको.

हळदीच्या रात्रीचा डीजे. खरी मारामारी होते ती इथे, गाण्याच्या फर्माईशीवरून आणि पिऊन आलेल्या पोरांवरून. रात्री १० नंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, डीजेवाल्याला हे बुकिंग करतानाच सांगा आणि बंद करायचं काम घरातल्या अशा माणसाकडे द्या ज्याचं पोरं ऐकतात, बहुतेक घरात तो एखादा मोठा जावई किंवा पोरांच्या वयाच्या जवळचा काका असतो. नवरदेवाच्या बापाकडे देऊ नका, त्याला त्या रात्री कुणालाच नाही म्हणता येत नाही. दारूचं म्हणाल तर घरातून सोय करायची नाही, हे दोन्ही घरांनी एकमेकांना आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर "त्यांच्याकडे होती, तुमच्याकडे काय झालं" हे येतंच.

लग्नाच्या दिवशी

आई-वडिलांकडे त्या दिवशी कुठलाच निर्णय ठेवू नका. दोन्हीकडून एकेक माणूस नेमा, वय तीस-चाळीसच्या आसपास, डोकं थंड, आणि दोघांनी एकमेकांचा नंबर घेऊन आदल्या आठवड्यात एकदा हॉलवर भेटायचं. नवरीकडच्या तक्रारी नवरीकडच्याने ऐकायच्या, नवरदेवाकडच्या त्याच्याकडच्याने. नवरीच्या भावाने नवरदेवाच्या काकांना समजवायला जायचं नाही, कितीही बरोबर असला तरी.

सत्काराची यादी माईकवाल्याकडे लेखी द्या आणि सांगा की ऐनवेळी कुणीही चिठ्ठी दिली तरी या दोघांना विचारल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. आपल्याकडे मुहूर्त टळतो तो वरातीतल्या नाचाने आणि आशीर्वादपर भाषणांनी, लोक अक्षता मुठीत धरून उन्हात बसलेले असतात, पोरं रडत असतात आणि स्टेजवर अजून शाल-श्रीफळ चालूच. भाषणं नकोतच, नाव पुकारून जागेवर उभं राहून नमस्कार एवढं पुरे. नाव राहिलंच तर स्टेजवरून धावत माफी मागू नका, नवरीच्या वडिलांनी नंतर त्या माणसाच्या खुर्चीपाशी जाऊन फेटा स्वतः बांधावा, त्याचा मान स्टेजपेक्षा जास्त होतो.

मामाचं काम मामालाच द्या, अंतरपाटामागे नवरीला आणायला आणि पाठीशी उभं राहायला. दोन-तीन मामा असतील तर कोण कुठे उभं राहणार ते आईने आधी सांगून ठेवावं, भावांना बहिणीचं ऐकायला कमीपणा वाटत नाही. कानपिळीला नवरीचा भाऊ कोण हेही ठरलेलं असू दे, सख्खा नसेल तर चुलत की मावस यावरून रुसलेले मी बघितलेत.

जेवणात म्हाताऱ्यांना आणि शुगरवाल्यांना मंगलाष्टकांची वाट बघायला लावू नका, मसालेभात-मठ्ठा-जिलेबी तयार असतेच, त्यांना आधी बसवा. बफे असला तरी विहिणीची पंगत मांडा, एक टेबल, केळीचं पान, रांगोळी, आणि वाढायला नवरीची आई नाही तर नवरीची काकू किंवा मामी. आईला त्या वेळी मुलीजवळ बसू द्या.

आणि तरी कुणी रुसलंच तर

एकच माणूस जाऊ दे. चौघं गेले की रुसलेल्या माणसाला प्रेक्षक मिळतात आणि मग त्याला मागे येता येत नाही. जो त्याच्या जवळचा, ज्याचं तो ऐकतो तो जाईल, आणि लवकर जाईल, जेवणं सुरू व्हायच्या आत. समजा नवरीची आत्या रुसली, मेंदीला तिच्या मुलीला बोलावलं नाही म्हणून. भावाने जायचं, शेजारी बसायचं, "अक्का, काय झालं ते मला सांग, मी मध्ये बोलत नाही." आणि खरंच मध्ये बोलायचं नाही. ती दहा वर्षांपूर्वीचं काढेल, वडिलांच्या आजारपणातलं काढेल, काढू दे. झालं की "हे आमच्याकडून राहिलं, चुकलं. आता ओटी भरायची आहे, तू आल्याशिवाय सुरू करत नाहीये." एवढं बोलून उठायचं आणि खरंच थांबायचं. "तुझं प्रत्येक कार्यात असंच असतं", "लोक बघतायत", "निदान पोरीकडे बघून तरी" ही वाक्यं तोंडातून काढायची नाहीत, यातल्या कुठल्याही वाक्याने माणूस आलेला मी बघितला नाही.

रुसलेल्या माणसाची गाऱ्हाणी नवरा-नवरीपर्यंत पोचू देऊ नका. त्यांच्या फोनवर त्या दिवशी कुणीही तक्रारीचा मेसेज टाकायचा नाही हे करवलीला सांगून फोन तिच्याकडेच द्या.

एक अपवाद. कुणी मांडवात पैशाची, वस्तूची नवी मागणी काढून रुसला असेल तर त्याची समजूत काढायची नाही. सुपारीच्या वेळी लिहिलेली ती यादी बाहेर काढा, दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसवा, आणि मुलीला बाजूला घेऊन विचारा तुला काय करायचंय. ती नको म्हणाली तर घराने तिच्यामागे उभं राहायचं, जेवण वाया जाईल याचा विचार त्या क्षणी करायचा नाही.

नंतरचे आठ दिवस

आहेराची वही लगेच नीट उतरवून घ्या, पाकिटावर नाव नसेल तर आठवेल तेव्हाच लिहा, पुढच्या लग्नात त्यावरच सगळं चालतं. सत्यनारायणाला रुसलेल्या घराला फोनवर बोलवू नका, जाऊन बोलवा. कामं केलेल्या पोरांना, वाढप्यांवर लक्ष ठेवणाऱ्या काकांना, गाड्या फिरवणाऱ्या शेजाऱ्याला एकेक फोन करा.

आणि विवाह नोंदणी लगेच उरका, महाराष्ट्रात लग्नापासून ९० दिवसांच्या आत करायची असते, नंतर दंड भरावा लागतो. तिथे तीन साक्षीदार लागतात. त्यातला एक साक्षीदार म्हणून ज्या काकांचं नाव स्टेजवर राहून गेलं होतं त्यांना घेऊन जा. फोन नवरीनेच करावा: "काका, नोंदणीला तुमची सही हवीये, येताना आधार कार्ड आणा."